इंजिन ऑइल कसे निवडावे आणि केव्हा बदलावे : नव्या वाहनधारकांसाठी मार्गदर्शन

आपल्या गाडीत कोणते इंजिन ऑइल घालावे, हा प्रश्न नवा वाहनधारक सहसा दुकानदाराला, मेकॅनिकला किंवा ओळखीच्या माणसाला विचारतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात किती फट ठेवायची, ऑइल पंपाने किती दाब द्यायचा, ऑइलच्या वाहिन्या किती रुंद ठेवायच्या, हे सगळे इंजिनाचा आराखडा करणाऱ्यांनी ठरावीक दाटपणाचे ऑइल गृहीत धरून ठरवलेले असते. त्यामुळे आपल्याकडे उरणारे काम तसे मोजके आहे: पुस्तिकेतले ऑइल नेमके ओळखावे, ते अस्सल मिळवावे, त्याची पातळी राखावी आणि ते वेळेवर बदलावे. ही चार कामे नीट झाली, तर कोणत्या कंपनीचा डबा घ्यावा हा प्रश्न फारसा महत्त्वाचा राहत नाही.

पहिली पायरी : पुस्तिकेतून चार गोष्टी लिहून घ्या

पुस्तिकेच्या शेवटच्या भागात तांत्रिक माहितीची पाने असतात. तिथून ऑइलचा ग्रेड, दर्जाचे मानक, इंजिनात मावणारे प्रमाण आणि बदलण्याचे अंतर व मुदत, अशा चार गोष्टी एका कागदावर उतरवून घ्याव्यात. प्रमाण लिहिताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. फिल्टरसह आणि फिल्टरविना असे दोन आकडे दिलेले असू शकतात. फिल्टर बदलला की तो भरायलाही ऑइल लागते, म्हणून तेव्हा मोठा आकडा धरायचा असतो. गाडी जुनी घेतली असेल आणि पुस्तिका हाती नसेल, तर अनेक उत्पादक ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. पुष्कळ गाड्यांत ऑइल भरण्याच्या झाकणावरच ग्रेड कोरलेला असतो.

दुसरी पायरी : डब्यावरचे आकडे वाचायला शिका

डब्यावर सर्वांत ठळक दिसणारी खूण म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० यांसारखा ग्रेड. ही एसएई या संस्थेची दाटपणा सांगण्याची पद्धत आहे. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा, म्हणजे थंडीतल्या वागणुकीचा निदर्शक आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा इंजिन गार असताना ऑइल कितपत सहज हलते ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. ५ आणि ३० हे आकडे एकाच मोजपट्टीवरचे आहेत असे वाटते, आणि मग ‘गार असताना ५ इतके पातळ, तापल्यावर ३० इतके दाट’ असा उलटा अर्थ लावला जातो. कोणतेही ऑइल तापल्यावर पातळच होते. ५डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला साधारण ६० सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) आसपास असतो. तेच ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावे लागते, तरच त्याला ३० हा आकडा लावता येतो. ४० या आकड्यासाठी ती मर्यादा १२.५ ते १६.३ अशी आहे. थंडीच्या आकड्याची कसोटी वेगळी असते. स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल सैल राहते का, याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० ला घेतली जाते.

जिथे पारा शून्याच्या जवळही जात नाही, तिथे पहिल्या आकड्याचे काय काम, असे कोणी विचारेल. गाडी रात्रभर उभी असताना वरच्या भागांतले ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल साठणाऱ्या भागात, उतरलेले असते. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर ते पुन्हा वर पोहोचेपर्यंतचे काही क्षण वरचे भाग जेमतेम चिकटून राहिलेल्या थरावर फिरतात. पहिला आकडा लहान असलेले ऑइल गार असतानाही लवकर वर चढते, हा फायदा उष्ण हवेतही मिळतो. मात्र तो पुस्तिकेने मान्य केलेल्या ग्रेडपैकीच निवडताना घ्यावा. काही पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. असा तक्ता असेल तर आपल्याकडच्या हवामानाला लागू पडणारा ग्रेड निःशंकपणे घ्यावा.

‘इंजिन जुने झाले, आता जाड ऑइल घाला’ हा सल्ला फार सहज दिला जातो, आणि तो सरसकट पाळण्यासारखा नाही. ज्या इंजिनासाठी ०डब्ल्यू-२० सांगितले आहे त्यात २०डब्ल्यू-५० घातले, तर ते अरुंद वाहिन्यांतून हळू सरकते, पंपावरचा भार वाढतो, इंधन जास्त लागते आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही अडखळू शकते. उलट बाजूने, सांगितल्यापेक्षा पातळ ऑइल घातले तर भाराखाली बेअरिंगमधला थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. इंजिन ऑइल पीत असेल तर आधी ते का पिते हे शोधावे. पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत का, व्हॉल्व्हची सील कडक झाली आहेत का, कुठे गळती आहे का, हे तपासून घ्यावे. दाट ऑइलने या दुखण्याचे फक्त लक्षण काही दिवस दबते.

तिसरी पायरी : दर्जाचे मानक जुळवा

ग्रेड जुळला म्हणजे काम झाले, असे नाही. एकाच ग्रेडची दोन ऑइले दर्जात फार वेगळी असू शकतात. अमेरिकेतील एपीआय या संस्थेच्या पद्धतीत पेट्रोल इंजिनांची मानके ‘एस’ने आणि डिझेलची ‘सी’ने सुरू होतात. पेट्रोलच्या मालिकेत पुढचे अक्षर जितके नंतरचे तितके मानक नवे असते: एसएन २०१० मध्ये आले, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये. पुस्तिकेत एसएन लिहिले असेल तर एसपी चालते, कारण पेट्रोलची नवी मानके आधीच्यांच्या जागी वापरता येतील अशीच आखलेली आहेत. एसपी आणण्यामागे एक ठोस कारण होते. लहान आकाराच्या, टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारी यंत्रणा) लावलेल्या आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत कमी वेगाला जोर देताना मिश्रण वेळेआधीच पेटण्याचा दोष दिसू लागला, आणि त्यात पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ऑइलमधल्या रसायनांचा या दोषाशी संबंध असल्याने त्यांचे प्रमाण बदलावे लागले. अशा गाडीत जुन्या मानकाचे ऑइल ‘ग्रेड तोच आहे’ म्हणून कधीही घालू नये.

डिझेलमध्ये ‘नवे ते चालतेच’ हा नियम तितका सरळ लागू होत नाही. २०१६ मध्ये अवजड वाहनांसाठी सीके-४ आणि एफए-४ ही मानके एकाच वेळी आली. सीके-४ जुन्या इंजिनांतही चालते. एफए-४ मात्र मुद्दाम पातळ राखलेले असल्याने, उत्पादकाने स्पष्ट सांगितले असेल त्याच इंजिनात घालावे.

ज्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आहे, तिच्याबाबत आणखी दक्षता घ्यावी लागते. नेहमीच्या ऑइलमधल्या काही रसायनांत धातू असतात. रिंगांमधून थोडे ऑइल जळतेच, आणि जळल्यावर त्या धातूंची राख मागे राहते. फिल्टर तापवून काजळी जाळता येते, राख जळत नाही. ती साठत जाते आणि शेवटी फिल्टर बाद होतो. म्हणून अशा गाड्यांसाठी कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. युरोपातील एसीईए या संस्थेच्या मानकांत ते सी२, सी३ अशा ‘सी’ गटाने ओळखले जाते. हा ‘सी’ आणि एपीआयचा डिझेलचा ‘सी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यावर दोन्ही एकत्र छापलेले असतात, म्हणून आधी कोणत्या संस्थेचे नाव आहे ते पाहावे.

काही उत्पादक याच्याही पुढे जाऊन स्वतःचे मान्यता क्रमांक देतात. पुस्तिकेत असा क्रमांक असेल तर डब्याच्या मागच्या मजकुरात तो शोधावा आणि शब्दरचना नीट वाचावी. ‘मान्यताप्राप्त’ असे लिहिलेले असेल तर गाडीच्या उत्पादकाने ते ऑइल तपासून मान्य केलेले असते. ‘या गाड्यांसाठी योग्य’ असे लिहिलेले असेल तर तो ऑइल विकणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. हमीच्या काळात हा फरक कळीचा ठरतो.

दुचाकीसाठी वेगळा विचार

मोटारसायकलमध्ये मोटारीचे ऑइल घालणे ही नवख्यांकडून होणारी नेहमीची चूक आहे. बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांनाही एकच ऑइल मिळते, आणि क्लच प्लेटा त्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने घातलेली असू शकतात. ती इंजिनाला उपकारक असली, तरी क्लचचे काम घर्षणावरच चालते. परिणामी चढावर थ्रॉटल वाढवला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतो. हे टाळण्यासाठी गिअरच्या मोटारसायकलीला डब्यावर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ असे चिन्ह असलेले ऑइल घ्यावे. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एमबी हे कमी घर्षणाचे ऑइल सांगितलेले असू शकते. एमबीचा उरलेला डबा घरातल्या मोटारसायकलीत रिता करण्याचा मोह आवरावा.

खनिज की सिंथेटिक

हा वाद वाटतो तितका मोठा नाही. सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर बिघडत नाही, थंडीत चांगले वाहते आणि टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगवर त्याचा कोळसा कमी जमतो. पुस्तिकेने सांगितलेले मानक खनिज ऑइलने पूर्ण होत असेल आणि आपण ते वेळेवर बदलत असाल, तर त्यात काही गैर नाही. टर्बो असलेल्या गाडीला मात्र मी सिंथेटिकच सुचवीन. एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेल्याने इंजिन खराब होते ही समजूत चुकीची आहे. प्रवासात पातळी खाली गेली आणि नेहमीचे ऑइल मिळाले नाही, तर त्याच ग्रेडचे आणि दर्जाचे दुसऱ्या कंपनीचे ऑइल वरून भरता येते. अपुऱ्या ऑइलवर गाडी हाकण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

चौथी पायरी : बदलण्याची वेळ ठरवा

ऑइल मुळात खराब का होते, हे कळले की वेळ ठरवणे सोपे जाते. डब्यातल्या ऑइलमध्ये मूळ तेलाखेरीज मळ सुटा ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज अडवणारी आणि दाटपणा टिकवणारी रसायने असतात. ती काम करता करता संपत जातात. शिवाय काजळी, न जळलेले इंधन आणि पाणी त्यात मिसळत राहते. पाणी कुठून येते, असे वाटेल. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक धुराड्यातून निघून जाते, पण थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि गार इंजिनात तिचे थेंब होतात. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालली तर ऑइल तापून हे पाणी आणि इंधन उडून जाते. दोन-तीन किलोमीटर जाऊन ती बंद झाली तर दोन्ही आतच राहतात आणि त्यांतून आम्ल व चिकट गाळ तयार होतो.

म्हणूनच पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात, आणि त्यांपैकी जे आधी भरेल ते पाळायचे असते. आजच्या अनेक मोटारींसाठी १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा १२ महिने असे अंतर सांगितलेले आढळते. जुन्या आणि खनिज ऑइलवर चालणाऱ्या इंजिनांसाठी ते ५,००० च्या आसपास असते. मोटारसायकलींत ऑइल कमी मावते, इंजिन जास्त वेगाने फिरते आणि गिअरचे दातही त्याच ऑइलला चिरडतात, त्यामुळे पुष्कळ मोटारसायकलींसाठी ३,००० ते ६,००० किलोमीटरचे अंतर दिसते. नव्या मोटारसायकलीचे पहिले ऑइल बहुधा ५०० ते १,००० किलोमीटरांतच बदलायला सांगतात, कारण भाग एकमेकांशी जुळताना निघालेला धातूचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो. हा पहिला बदल लांबवू नये.

याच पानांवर ‘खडतर वापर’ अशा अर्थाचा एक लहानसा तक्ता असतो, आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. सतत छोटे फेरे, वाहतूक कोंडीत तासन्‌तास चालू इंजिन, धुळीचे रस्ते, जड ओझे, डोंगराळ चढ किंवा कडक थंडी, असा वापर असेल तर अंतर बरेचदा निम्म्यावर आणायला सांगितलेले असते. आपला वापर ‘साधारण’ आहे असे प्रत्येकालाच वाटते. पण रोज चार किलोमीटर जाऊन तितकेच परत येणाऱ्या गाडीचा विचार करा. वर्षात ती फार तर तीन हजार किलोमीटर चालेल आणि मालक म्हणेल, दहा हजारांना अजून सात हजार बाकी आहेत. तिचे ऑइल वर्षभरात क्वचितच पुरते तापलेले असते. रोज शंभर किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे ऑइल दहा हजारांनंतरही तिच्यापेक्षा चांगल्या स्थितीत असू शकते. कोंडीत उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन फिरतच असते. अशा गाडीसाठी किलोमीटरपेक्षा महिन्यांचा हिशेब भरवशाचा ठरतो.

डॅशबोर्डवर ऑइलचे उरलेले आयुष्य दाखवणारी सोय असेल तर ती उपयुक्त आहे. मात्र ती बहुधा फेऱ्या, तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून केलेला हिशेब असते आणि पुष्कळ गाड्यांत तिला पातळी कळत नाही. पातळी आपणच पाहायची असते.

पाचवी पायरी : महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहा

गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन तापलेले असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे ऑइल खाली उतरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, बाहेर ओढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा शेवटपर्यंत आत घालावी आणि मग काढून आडवी धरून वाचावी. पहिल्यांदा काढल्यावर दिसणारी खूण खरी नसते, कारण नळीच्या कडांना लागलेले ऑइल तिच्यावर पसरलेले असते. ओल खालच्या आणि वरच्या खुणांच्या मधे हवी. अनेक मोटारींत या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते, त्यामुळे भरताना एकदम डबा न ओतता थोडे थोडे घालून पुन्हा मोजावे. वरच्या खुणेपलीकडे भरणेही घातक आहे. क्रँकशाफ्ट फिरताना ऑइल घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. मोटारसायकलींत डिपस्टिकऐवजी पाहण्याची काच असू शकते. डिपस्टिक असली तर ती फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

पातळीबरोबर ऑइलकडेही नीट पाहावे. नुसते काळे झाले म्हणून ते बाद होत नाही. डिझेल गाडीत नवे ऑइल काही दिवसांतच काळे पडते आणि ते मळ उचलत असल्याचेच ते लक्षण आहे. पेट्रोलचा ठसठशीत वास, ऑइल न भरताच वाढलेली पातळी आणि दुधट तपकिरी रंग ही खरी काळजीची लक्षणे. पहिल्या दोन्हींचा अर्थ बहुधा इंधन मिसळत आहे असा असतो. दुधट ऑइल म्हणजे त्यात पाणी किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) शिरले आहे. थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे झाकणाच्या आत थोडी पिवळट साय धरते, ती वेगळी. पण डिपस्टिकच दुधट निघाली तर गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी. आणि चालू गाडीत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावे.

सहावी पायरी : ऑइल बदलताना

हे काम मेकॅनिककडून करवून घेणार असाल, तर सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा, सील आणि झाकण तपासा आणि रिकामा डबा त्याच ठिकाणी निकामी करून घ्या. बनावट ऑइल बहुतेकदा अशाच रिकाम्या डब्यांतून परत बाजारात येते.

स्वतः करणार असाल तर इंजिन कोमट करून घ्यावे. गार ऑइल पूर्ण निथळत नाही आणि फार तापलेले हात भाजते. गाडी उचलावी लागत असेल तर ती भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. हातमोजे घालावेत, कारण वापरलेले ऑइल वारंवार कातडीला लागणे आरोग्याला अपायकारक आहे. भरण्याचे झाकण सैल करून ऑइल बाहेर काढण्याचा खालचा ड्रेन प्लग उघडावा आणि धार थांबून थेंब विरळ होईपर्यंत वाट पाहावी. प्लग बसवताना नवा वॉशर घालावा. प्लगचे आटे आधी हाताने धरवावेत आणि मगच पाना लावावा. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर जादा जोराने त्याचे आटे निघतात, म्हणून पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना) वापरणे उत्तम.

फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. जुना फिल्टर फिरवून काढल्यावर त्याचे रबरी कडे त्याच्याबरोबर आले का, हे बोट फिरवून पाहावे. कधीकधी ते इंजिनाला चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन कडी एकावर एक येतात आणि इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल उसळून बाहेर पडते. नव्या फिल्टरच्या कड्याला बोटाने थोडे ताजे ऑइल लावावे, तो हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग फिल्टरवर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा आणखी पाऊण फेरा, आवळावा.

आता लिहून घेतलेल्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल नरसाळ्याने भरावे, झाकण लावावे आणि इंजिन सुरू करावे. दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तोवर थ्रॉटल वाढवू नये. मिनिटभर चालवून खाली वाकून प्लग आणि फिल्टर पाहावेत, इंजिन बंद करावे, काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी वाचून उरलेले ऑइल बेताने पुरे करावे. सर्व्हिसची आठवण देणारी सोय शून्यावर आणावी आणि तारीख, किलोमीटर, ग्रेड व मानक यांची नोंद वहीत करावी.

निघालेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात ते भरावे, त्यात पाणी, ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू देऊ नये, आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे किंवा केंद्राकडे द्यावे. शुद्ध करून ते पुन्हा वापरता येते, पण त्यात दुसरे काही मिसळले की ते काम अवघड होते. फिल्टरही उलटा ठेवून निथळू द्यावा आणि त्याच्याबरोबरच द्यावा.

गाडीखाली जाड पुठ्ठा अंथरून ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पुठ्ठ्यावर ताजा डाग आहे का ते पाहावे आणि गार इंजिनाची पातळी पुन्हा एकदा मोजावी.